तुहाओ आणि फुअरदाई: दोघेही श्रीमंत, पण राग वेगळा

चीनवरच्या लिखाणात हे दोन शब्द भेटले की दोन्हींना ‘नवश्रीमंत’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मला ते चुकीचं वाटतं.

तुहाओ म्हणजे पैसा आला, पण राहणीतला गावरानपणा गेला नाही असा माणूस. ‘तु’ म्हणजे माती. गावंढळ हा अर्थही त्यातलाच. जमिनी विकून गळ्यात सोन्याचे गोफ मिरवणाऱ्याला पुण्याकडे ‘गुंठामंत्री’ म्हणतात, साधारण तीच छटा. शब्द मात्र जुना आणि एके काळी जीवघेणा. १९२०-३०च्या दशकांत कम्युनिस्टांची घोषणा होती, ‘तुहाओंना हाणा, जमिनी वाटा’. तेव्हा तुहाओ म्हणजे गावाला नाडणारा दांडगा जमीनदार. तोच शब्द २०१३ मध्ये वेइबो या चिनी समाजमाध्यमावर गाजला तो ‘तुहाओ, आपण मैत्री करू या!’ अशा लाडीगोडीतून. त्याच वर्षी सोनेरी आयफोन ५एस आला आणि लोकांनी त्या रंगाचं नावच ‘तुहाओ सोनेरी’ पाडलं. ज्या शब्दापायी माणसाचं घरदार जायचं, तो फोनच्या रंगाला चिकटला! त्यात टिंगल आहे, हेवा आहे, पण ‘उद्या माझाही नंबर लागेल’ ही आशाही आहे.

फुअरदाईच्या बाबतीत ही आशाच आटते. शब्दशः अर्थ ‘श्रीमंतांची दुसरी पिढी’. आर्थिक सुधारणांनंतर कारखाने, बांधकाम यांत ज्यांनी पैसा केला त्यांची ही मुलं. यांतली कितीतरी परदेशात शिकलेली, त्यामुळे गावंढळ म्हणायची सोय नाही. वांदा या बांधकाम-मालमत्ता क्षेत्रातल्या बड्या समूहाचे संस्थापक वांग जियानलिन यांचा मुलगा वांग सिचोंग ब्रिटनमध्ये शिकला. २०१५ मध्ये त्याच्या कुत्र्याचा फोटो वेइबोवर आला: पुढच्या दोन्ही पायांत एकेक सोन्याचं अ‍ॅपल वॉच. इथे खुपते ती अभिरुची नव्हे, आयत्या पिठावरच्या रेघोट्या खुपतात. पूर्वीच्या एक मूल धोरणामुळे अनेक घरांत वारस एकच, आणि चीनमध्ये वारसा कर नाही. बापानं जमवलेलं सगळं एकाच्याच पदरात पडतं. नोकरी करून शहरात घर घेऊ पाहणाऱ्या तरुणानं कितीही घाम गाळला तरी ही सुरुवात त्याच्या वाट्याला येणार नाही. हा राग मला रास्त वाटतो. तुहाओच्या सोनसाखळीला हसणं मात्र बरेचदा निव्वळ शहरी तोरा असतो.

गंमत अशी, की दोन्ही शब्द एकाच घरात नांदू शकतात: बाप तुहाओ, मुलगी फुअरदाई. काही वारसांना हा शब्द इतका झोंबतो, की ते स्वतःला ‘छुआंगअरदाई’, म्हणजे उद्योग उभारणाऱ्यांची दुसरी पिढी, म्हणवून घेतात.