जागतिक साहित्याचा वर्ग (इयत्ता नववी ते बारावी) : पालक व विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी आपण आणि आपल्या पाल्याने हे माहितीपत्रक एकत्र बसून वाचावे, अशी आमची विनंती आहे. या वर्गात काय शिकवले जाते, विद्यार्थ्याकडून कोणत्या अपेक्षा आहेत आणि त्या पूर्ण न झाल्यास काय होते, हे पुढे दिले आहे. प्रवेश घेतल्यावर हेच नियम दोन्ही बाजूंना लागू राहतील.

वर्गाचे स्वरूप

हा शालेय विषयाचा शिकवणी वर्ग नाही. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेतील गुण या वर्गामुळे वाढतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. जगातील निरनिराळ्या भाषांत निर्माण झालेले साहित्य मराठी अनुवादातून आणि काही वेळा इंग्रजीतून मुळापासून वाचावे, त्यावर विचार करावा आणि तो विचार स्वच्छ मराठीत मांडता यावा, एवढ्याच हेतूने हा वर्ग चालतो. जर्मन कवी ग्योटे याने ३१ जानेवारी १८२७ रोजी आपला सहकारी एकरमान याच्याशी बोलताना जागतिक साहित्याचे युग आता जवळ आले आहे, असे म्हटले होते. त्या दिवसांत तो एक चिनी कादंबरी वाचत होता आणि तीही अनुवादातून. त्यामुळे अनुवादातून वाचणे म्हणजे दुय्यम वाचन, असे आम्ही मानत नाही. मात्र ते डोळसपणे करावे लागते आणि आमचे बरेचसे नियम त्यासाठीच आहेत.

वर्ग आठवड्यातून एकदा, शनिवारी सायंकाळी, दीड तास भरतो. जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन तो जानेवारीअखेर संपतो, म्हणजे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वीचे आठवडे मोकळे मिळतात. शाळांच्या सहामाही परीक्षेच्या काळात आणि दिवाळीत वर्ग बंद असतो. एका तुकडीत सोळापेक्षा जास्त विद्यार्थी घेतले जात नाहीत, कारण त्याहून मोठ्या गटात प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळत नाही.

वर्षभरातील वाचन

आरंभ अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या छोट्या कादंबरीने होतो. ती पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली आहे. पुस्तक लहान आहे, भाषा सरळ आहे आणि सलग वाचनाची सवय नसलेला विद्यार्थीही ते दोन आठवड्यांत पूर्ण करू शकतो. त्यानंतर प्राचीन साहित्याकडे वळून मेसोपोटेमियातील गिलगामेशच्या महाकाव्यातील निवडक भाग आणि सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या काव्यसंग्रहातील निवडक गाथा शेजारी शेजारी वाचल्या जातात. सातवाहनांच्या काळाशी जोडलेल्या आणि महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या या गाथा आपल्याच भूमीत निर्माण झाल्या आहेत, आणि जागतिक साहित्याच्या वर्गात त्यांना मानाची जागा मिळालीच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

नाटकांना आम्ही सर्वांत अधिक वेळ देतो. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचे नाटक पु. लं.च्या ‘राजा ओयदिपौस’मधून, नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचे १८७९ सालचे ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून आणि जर्मन नाटककार ब्रेश्टचे खडूच्या वर्तुळाचे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मधून वाचले जाते. ब्रेश्टच्या नाटकामागे एक जुने चिनी नाटक आहे. चीनमधून निघालेले कथाबीज जर्मनमार्गे मराठी रंगभूमीवर कसे पोहोचले, हे पाहताना विद्यार्थ्यांना साहित्याचा प्रवास जितका स्पष्ट कळतो, तितका तो कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही. अखेरच्या टप्प्यात जपानी कवी बाशोचे हायकू (तीन ओळींच्या छोट्या कविता), ते वाचताना शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही पहिली कादंबरी असते. ही कादंबरी मुळातच इंग्रजीत लिहिलेली असल्याने ती इंग्रजीतच वाचावी लागते.

वाचून येण्याची अट

या वर्गाची मुख्य अट एकच आहे. ठरलेला मजकूर विद्यार्थ्याने स्वतः, पूर्ण आणि वर्गापूर्वी वाचलेला असला पाहिजे. आठवड्याला साधारण चाळीस ते पन्नास पाने वाचावी लागतात. मार्गदर्शिका, आंतरजालावरील सारांश, दृक्-श्राव्य रूपातील कथासार किंवा नाटकावर आधारित चित्रपट यांपैकी काहीही या वाचनाची जागा घेऊ शकत नाही. ते पुस्तक पूर्ण झाल्यानंतर जरूर पाहावे, आधी पाहू नये.

या अटीमागचे कारण एका उदाहरणाने सांगतो. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळता समुद्रावर जात राहतो, ही गोष्ट कोणत्याही सारांशात सापडते. परंतु तो एकटा असताना मोठ्याने बोलू लागला, ती सवय त्याला नेमकी कधी जडली हे त्याला आठवत नाही आणि बहुधा त्याच्याबरोबर मासेमारीला येणारा पोरगा सोडून गेल्यानंतर ती जडली असावी, असे त्याला वाटते. हे बारकावे सारांशात येत नाहीत. पहिल्या चाळीस दिवसांनंतर त्या पोराला आईवडिलांनी दुसऱ्या नावेवर धाडले, हे लक्षात घेऊन हा भाग वाचला म्हणजे म्हाताऱ्याचा एकटेपणा वाचकाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. इब्सेनच्या नाटकाबाबत तर सारांशावर विसंबणे सरळ धोक्याचे आहे. नायिका घर सोडून जाते, हा शेवट जर्मनीतील एका प्रयोगासाठी बदलण्यात आला होता. नायिकेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने मूळ शेवट करण्यास नकार दिल्यामुळे इब्सेनला स्वतःच्या मनाविरुद्ध तो बदल लिहून द्यावा लागला. ज्याने नाटक वाचलेले नाही, त्याला या दोन शेवटांमधील फरक किती मोठा आहे, हे सांगूनही कळणार नाही.

वाचन झाल्याची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याने हाताने लिहिलेल्या वहीत ठेवावयाची आहे. दर आठवड्याला एक पान पुरेसे आहे. त्यात कथानक लिहू नये. जेथे आपण थांबलो, अडलो किंवा असहमत झालो, ती जागा पृष्ठक्रमांकासह लिहावी आणि आपला प्रश्न मांडावा. उदाहरणार्थ, ‘राजा ओयदिपौस’ वाचताना राणी योकास्ताला सत्य राजाच्या आधी उमगते, ते नेमके कोणत्या संवादापाशी, असा प्रश्न विद्यार्थ्याने लिहून आणला तर त्या दिवशीची निम्मी चर्चा त्यावरच होऊ शकते. वही कोरी असल्यास विद्यार्थ्याला घरी पाठवले जाणार नाही, परंतु त्या दिवशी त्याने चर्चेत भाग न घेता वाचनकक्षात बसून राहिलेले वाचन पूर्ण करावयाचे आहे. याला शिक्षा समजू नये. न वाचता मत देण्याची सवय लागू नये, म्हणून ही व्यवस्था आहे.

अनुवाद, रूपांतर आणि पुस्तकांच्या प्रती

मराठीत परभाषेतील साहित्य आणण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले आणि गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच्याच ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले. देवलांच्या नाटकात ऑथेल्लोचा झुंझारराव आणि डेस्डेमोनाची कमळजा झाली आहे. त्यामुळे ‘झुंझारराव’ वाचून ‘ऑथेल्लो’विषयी विधान करणे आमच्या वर्गात ग्राह्य धरले जात नाही, मूळ नाटकात नायकाच्या परकेपणाला आणि वर्णाला जे स्थान आहे, ते रूपांतरात तसेच टिकते का, हा स्वतंत्र अभ्यासाचा प्रश्न आहे. प्रत्येक निबंधात मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचे किंवा रूपांतरकाराचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक देणे बंधनकारक आहे. अनुवादकाचे नाव नसलेला निबंध तपासला जात नाही, तो परत दिला जातो.

पुस्तके विद्यार्थ्याने विकत घ्यावीत किंवा ग्रंथालयातून आणावीत. जुनी प्रत चालेल, भावंडांची चालेल, पानांचे क्रमांक वेगळे असले तरी चालेल. संपूर्ण पुस्तकाची छायाप्रत मात्र आम्ही देत नाही आणि वर्गात आणू देत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० साली झाले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० सालापर्यंत कायम आहेत. आगरकर १८९५ मध्ये आणि देवल १९१६ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची नाटके आता मुक्त आहेत आणि त्यांतील लागणारे प्रवेश आम्ही छापून देतो. ज्या कुटुंबाला पुस्तकांचा खर्च जड जात असेल, त्यांनी कार्यालयात निःसंकोच सांगावे. वर्गाच्या संग्रहातील प्रती वर्षभरासाठी विनामूल्य दिल्या जातात आणि ही गोष्ट अन्य कोणाला कळत नाही.

निबंध आणि स्वतःचे लेखन

वर्षभरात चार निबंध लिहावयाचे असून त्यांपैकी दोन वर्गातच, हाताने, पुस्तक समोर ठेवून लिहिले जातात. उरलेले दोन घरी लिहावयाचे असतात. त्यांचा कच्चा खर्डा आधी दाखवणे आवश्यक आहे. चॅटजीपीटी किंवा तत्सम साधनाकडून निबंध, निबंधाचा आराखडा किंवा वहीतील नोंद लिहून घेणे पूर्णतः वर्ज्य आहे. शब्दाचा अर्थ किंवा शुद्धलेखन तपासण्यास हरकत नाही. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून दिल्याचे आढळल्यास पहिल्या वेळी विद्यार्थ्याने तोच निबंध वर्गात बसून पुन्हा लिहावा. दुसऱ्या वेळी पालकांच्या उपस्थितीत बोलणे होईल आणि त्या वर्षीचे प्रमाणपत्र दिले जाणार नाही. संशय आला म्हणून कोणालाही दोषी ठरवले जात नाही. आम्ही विद्यार्थ्याशी त्याच्या निबंधाविषयी दहा मिनिटे बोलतो, आणि ज्याने स्वतः लिहिले आहे तो त्या बोलण्यात सहज उभा राहतो, असा आमचा अनुभव आहे.

निबंधांना गुण न देता सविस्तर लेखी अभिप्राय दिला जातो. उशीर होणार असल्यास मुदतीपूर्वी कळवल्यास एक आठवडा वाढवून मिळतो. न कळवता उशिरा आलेला निबंध वाचला जाईल, पण त्यावर केवळ तोंडी अभिप्राय मिळेल.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. त्यांच्या साहित्य विषयात अनुवादित कृतींचा अभ्यास सक्तीचा असल्यामुळे आमचे वाचन त्यांना उपयोगी पडू शकते. तथापि, शाळेत मूल्यमापनासाठी सादर करावयाचे लेखन किंवा तोंडी सादरीकरण आम्ही लिहून देत नाही आणि सुधारूनही देत नाही. याबाबत अपवाद केला जात नाही, कृपया आग्रह धरू नये.

चर्चा आणि संवेदनशील विषय

चर्चेत मत कोणतेही असू शकते, परंतु ते पुस्तकातील एखाद्या ओळीवर उभे असले पाहिजे. दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. जात, धर्म, रंग, लिंग किंवा बोली यांवरून कोणाची हेटाळणी झाल्यास त्या विद्यार्थ्याला त्याच वेळी थांबवले जाईल. बोलीत बोलण्यास पूर्ण मोकळीक आहे. मोबाइल दाराशी ठेवलेल्या पेटीत राहतील.

या वाचनात पितृहत्या, निषिद्ध संबंध, पत्नीचा खून, आत्महत्या आणि वंशभेद हे विषय येतात. ते वगळून ही नाटके व कादंबऱ्या शिकवता येत नाहीत आणि तसा प्रयत्न आम्ही करत नाही. ‘गाथासप्तशती’तील शृंगारिक गाथांची निवड मात्र वय पाहून केली जाते. एखादी कृती आपल्या पाल्याने वाचू नये असे आपणांस वाटत असल्यास दोन आठवडे आधी लेखी कळवावे. वर्षातून एकदा पर्यायी कृती दिली जाईल. संपूर्ण तुकडीचे वाचन मात्र एका कुटुंबाच्या विनंतीवरून बदलले जाणार नाही.

हजेरी, शुल्क आणि पालकांशी संपर्क

शुल्क दोन हप्त्यांत, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, स्वीकारले जाते व त्याची पावती दिली जाते. पहिले दोन वर्ग पाहून प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर सोडल्यास न झालेल्या वर्गांच्या प्रमाणात रक्कम परत केली जाते. लागोपाठ तीन वर्गांना विद्यार्थी न कळवता गैरहजर राहिल्यास आम्ही आपणांस दूरध्वनी करतो. वर्गाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण केले जात नाही आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरली जात नाहीत.

पालकांनी वर्गात बसू नये, मात्र घरी तेच पुस्तक वाचावे, असे आम्ही मनापासून सुचवतो. संग्रहातील जादा प्रती त्यासाठीही मिळतील. शिक्षकांना भेटावयाचे असल्यास वर्ग संपल्यावर अर्धा तास त्या कामासाठी राखलेला असतो.

पहिल्या वर्गाला येताना विद्यार्थ्याने दोनशे पानी वही, पेन्सिल आणि ‘एका कोळियाने’ची प्रत सोबत आणावी. त्या पुस्तकाची पहिली पंचवीस पाने वाचून झालेली असावीत.