दलम मोडणं वेगळं, विचार हरणं वेगळं

‘नक्षलवाद संपला’ हे वाक्य हल्ली नागपुरात टपरीवरच्या गप्पांपासून हिवाळी अधिवेशनाच्या भाषणांपर्यंत ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोडलेली दलमं, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र पथकं, असतात, मारले गेलेले किंवा शरण आलेले नेते असतात, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच असतं. ऐकणारा मात्र पुढचं ऐकतो: ज्या विचारापायी पोरांनी बंदूक उचलली तो विचारही हरला. या दोन गोष्टींत गल्लत फार होते आणि ती निदान नागपूरकरांनी तरी करू नये. नक्षलविरोधी अभियानाच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांचं कार्यालय आपल्याकडे, सुराबर्डीचं प्रशिक्षण केंद्र आपल्याकडे, आणि गडचिरोलीत चकमक झाली की जखमी जवानांचं हेलिकॉप्टरही इथंच उतरतं.

आधी संघटना घ्या. संघटनेला नेता लागतो, शस्त्रं लागतात, रेशन, पैसा, औषधं, निरोप्ये आणि जंगलातल्या वाटा लागतात. यातली प्रत्येक गोष्ट पकडता येते, तोडता येते, जप्त करता येते. म्हणून ‘गोळीनं काहीच साधत नाही’ हे शहाणपण मला अर्धवट वाटतं. मे २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडात मारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्याच पक्षाचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. श्रीलंकेत मे २००९ मध्ये प्रभाकरन मारला गेला आणि त्याच्यासोबत एलटीटीई या त्याच्या तमिळ बंडखोर संघटनेची लष्करी ताकदही गेली. हे सगळं बळानंच घडलं, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

विचाराचं तसं नसतं. त्याला तळ नसतो आणि पुरवठ्याची वाटही नसते. इस्लामिक स्टेटनं जून २०१४ मध्ये मोसुल घेतलं आणि मार्च २०१९ मध्ये बागूझ हे सीरियातलं शेवटचं गावही गमावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा म्होरक्या बगदादी संपला. नकाशापुरती लढाई तिथं पूर्ण झाली होती. तरी मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहात १४० हून अधिक माणसं मारली गेली आणि ती त्याच विचाराच्या अफगाणिस्तानातल्या खोरासान शाखेनं मारली. अफगाणिस्तानचं उदाहरण तर याहून रोखठोक आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये तालिबान काबूल सोडून पळाले आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी परत आले. मधल्या वीस वर्षांत त्यांच्यापुढे उभं होतं ते जगातलं सर्वांत महागडं सैन्य.

आपल्याकडची साखळीही अशीच जाते. नक्षलबारीचा उठाव १९६७ चा. जुलै १९७२ मध्ये त्याचे नेते चारू मजुमदार कलकत्त्यात पोलीस कोठडीत वारले, बंगालमधली चळवळ त्याआधीच चिरडली गेली होती, आणि प्रकरण मिटलं असं तेव्हाही म्हटलं गेलं. आठ वर्षांनी, १९८० मध्ये, पीपल्स वॉर या नक्षल गटाची पहिली दलमं गोदावरी-प्राणहितेच्या बाजूनं आपल्या जंगलात शिरली. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, हा सगळा मुलूख चंद्रपुरात होता. आलेल्यांनी लोकांना मार्क्स शिकवला नाही. तेंदूपत्त्याच्या शेकड्याला किती मिळतात, कागद गिरणीच्या बांबूची तोड काय भावानं होते, वनरक्षक कोंबडी का उचलून नेतो, एवढंच विचारलं. मजुरीचा दर वाढवून घेतला आणि मग गावात पाय रोवले.

इथं विचाराचे दोन पदर सुटे करून पाहावे लागतात. एक पोथीतला सिद्धांत: सत्ता बंदुकीतून येते, राज्य उलथलं पाहिजे वगैरे. दुसरी गावातली तक्रार. सिद्धांत मूठभरांच्या डोक्यात असतो, भरती तक्रारीवर होते. चकमकीत सिद्धांतवाला मरू शकतो, तक्रार मात्र आहे तिथंच राहते. कधी कधी बळामुळे ती वाढतेही. २००५ मध्ये छत्तीसगडात सलवा जुडूम ही सरकारच्या पाठिंब्यावरची नक्षलविरोधी मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं रस्त्याकडेच्या छावण्यांत हलवली गेली, आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. त्यातून हिंसा आटोक्यात आली नाही. एप्रिल २०१० मध्ये ताडमेटलाजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात एका सकाळी ७६ जवान गेले. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो प्रयोग घटनाबाह्य ठरवला.

त्याच सुमारास धानोरा तालुक्यात एक वेगळी गोष्ट चालू होती. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, अशी दोन वर्षं गेली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आज जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः करतात, भाव ठरवतात, पैसे खात्यात घेतात. ज्या दरासाठी दलम गावात यायचं तो दर गावच ठरवू लागलं, की दलमाकडे बोलायला उरतं काय? माझ्या मते गडचिरोलीतली भरती आटण्यात या परवाना-पुस्तकाचा वाटा आहे. पत्रकार परिषदेच्या टेबलावर मात्र जप्त रायफली मांडल्या जातात, परवाना-पुस्तकं नाहीत.

यावर हमखास विचारलं जातं, ‘मग पंजाब कसं शांत झालं?’ प्रश्न रास्त आहे. तिथं पोलिसांनी अतोनात बळ वापरलं, त्यातलं बरंचसं कायद्याबाहेरचं होतं. पण १९९२ च्या विधानसभा निवडणुकीत जेमतेम पाव मतदार बाहेर पडले होते आणि पुढच्याच वर्षी पंचायतींच्या निवडणुकांना गावं लोटली. अतिरेक्यांच्या खंडणीला आणि फतव्यांना कंटाळलेल्या गावांनी पाठ फिरवली नसती, तर नुसत्या गोळ्यांनी ते झालं असतं असं मला वाटत नाही. आणि खलिस्तानची भाषा? ती परदेशात अजून ऐकू येते.

आकडा हवा असेल तर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनचा २००८ चा अभ्यास आहे. १९६८ ते २००६ दरम्यानचे ६४८ दहशतवादी गट त्यांनी तपासले. जे संपले त्यांतले ४३ टक्के राजकारणात शिरून संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांच्या कामामुळे. लष्करी बळानं संपलेले ७ टक्के. या ७ टक्क्यांवर सगळे बोलतात, ४० टक्क्यांवर कुणी बोलत नाही. सैन्य प्रदेश जिंकतं, पोलिसाला माणूस ओळखावा लागतो. १९९० मध्ये उभं राहिलेलं गडचिरोली पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक चाललं त्याचं एक कारण हेच, की त्यातली पोरं तिथलीच होती, गोंडी-माडिया बोलणारी.

शरण येणं म्हणजे विचार सोडणं, ही आणखी एक गल्लत. भूपतीनं ‘अभय’ या नावानं काढलेलं पत्रक सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर आलं. त्यात सशस्त्र लढा तात्पुरता थांबवण्याची तयारी होती. मार्क्सवाद चुकला असं त्यात कुठंही नव्हतं. मला यात वावगं दिसत नाही. माणूस बंदूक ठेवून वाद घालायला आला तर लोकशाहीनं आणखी काय मागायचं? दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभरानं बाबासाहेब काठमांडूत मार्क्स आणि बुद्ध यांच्यावर बोलले. बळानं लादलेली व्यवस्था बळ आहे तोवरच टिकते, हा त्यांचा मुद्दा कम्युनिस्टांना उद्देशून होता. तो सरकारलाही तेवढाच लागू पडतो.

ही गल्लत उलट्या बाजूनंही होते. संघटनेवर कारवाई करायची म्हणून विचारालाच आरोपी केलं जातं. दिल्ली विद्यापीठातले प्रा. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयानं जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना निर्दोष सोडलं आणि नक्षल विचारांचं साहित्य डाउनलोड करणं किंवा त्या विचाराबद्दल सहानुभूती असणं एवढ्यानं गुन्हा होत नाही, त्याला कृत्याचा ठोस पुरावा लागतो, असं म्हटलं. तोवर त्यांची बरीच वर्षं आपल्या मध्यवर्ती कारागृहात गेली होती. सुटल्यावर सात महिन्यांत ते वारले. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं माओवादी संघटनांवर कारवाईसाठी म्हणून जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हा संघटना कुठं संपते आणि मत कुठं सुरू होतं याच रेषेवरून वाद झाला.

ही रेषा यापुढे चकमकींपेक्षा खाणींच्या जागी दिसेल. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज निघतं आहे. नव्या खाणींविरुद्ध तोडगट्टा इथं २०२३ मध्ये गावकरी महिनोन्‌महिने बसले होते, नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. आता दलमं उरलेली नसताना, ग्रामसभेत खाणीला नाही म्हणणाऱ्या माणसाच्या नावापुढे ठाण्यातल्या वहीत काय लिहिलं जातं, हे पाहण्यासारखं आहे.