जुन्या हलक्या विमानाची खासगी खरेदी

जुन्या हलक्या विमानाची खासगी खरेदी : दलाल किंवा उत्पादक कंपनी मध्ये न घेता, वापरलेले छोटे विमान थेट त्याच्या मालकाकडून विकत घेण्याचा व्यवहार. अशी विमाने बहुतेक एका पिस्टन इंजिनाची आणि दोन ते चार आसनांची असतात. सेस्ना १५२, सेस्ना १७२ आणि पायपर पीए-२८ ही त्यांतली परिचित नावे. १९५८ साली पहिल्यांदा उडालेले हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे कापडी आवरणाचे ‘पुष्पक’ही याच जातीचे. सेस्ना १५२ चे उत्पादन १९८५ मध्ये कायमचे थांबले. १७२ चे १९८६ मध्ये थांबून १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यामुळे चाळीस वर्षांचे विमान विक्रीला येणे यात नवल नाही, आणि तेवढ्या वयाला बिचकण्याचेही कारण नाही. बिचकावे ते नोंदी अपुऱ्या असलेल्या विमानाला.

एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर यांची लॉगबुके, म्हणजे नोंदवह्या, वेगवेगळी असतात. ती पहिल्या दिवसापासून सलग हवीत. मधले एखादे लॉगबुक हरवले असेल, तर त्या काळात विमान आपटले का, प्रोपेलर जमिनीला लागला का, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. फिरते इंजिन प्रोपेलर आदळून अचानक थांबले असेल तर ते उघडून क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तपासावा लागतो. पाती बदलून नवा रंग मारला म्हणजे काम झाले असे नाही. उड्डाणयोग्यतेविषयीचे बंधनकारक आदेश पाळले गेले का, हेही लॉगबुकांतच पडताळायचे असते. सेस्नात आसनाचा रूळ झिजला की वैमानिकाचे आसन उड्डाणाच्या वेळी मागे घसरू शकते, म्हणून त्या रुळांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील डेटोना बीच येथे पायपर पीए-२८ मालिकेतील एका विमानाचा पंख हवेत निखळला. त्यानंतर अनेक पायपर विमानांच्या पंखातील मुख्य स्पारची (पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईची) तपासणी सक्तीची झाली.

किमतीचा मोठा भाग इंजिनात असतो. लायकमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या ओ-३२० इंजिनाला साधारण २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी होईल तेव्हा, ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) करावा अशी कंपनीची शिफारस आहे. जाहिरातीत मात्र फक्त तास सांगितले जातात. ‘ओव्हरहॉलनंतर अवघे ३०० तास’ हे ऐकायला छान वाटते, पण ते तास पंधरा वर्षांत भरले असतील तर सावध व्हावे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन महिनोन्‌महिने बंद राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते, दमट हवेत गंज धरतो आणि पुढे कॅम व त्यांना टेकून हलणारे टॅपेट झिजत जातात. इंदूरकडचा, म्हणजे माळव्यातला, पावसाळा या दृष्टीने वाईट. जून ते सप्टेंबर हँगरमध्ये उभे ठेवलेल्या विमानापेक्षा दर आठवड्याला उडणारे, रंग उडालेले विमान घेणे कधीही शहाणपणाचे. म्हणून एकूण तास न पाहता महिन्यागणिक उड्डाणे पाहावीत.

तपासणी खरेदीदाराने स्वतः निवडलेल्या, पिस्टन विमानांचा परवाना असलेल्या देखभाल अभियंत्याकडूनच करून घ्यावी. विक्रेत्याच्या नेहमीच्या अभियंत्याकडून नव्हे. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने हवा सोडून किती दाब टिकतो ते मोजतात. ६० च्या खाली आकडा आला तर सिलिंडर उतरवण्याचा विचार करावा लागतो. बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह पाहतात आणि तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का ते बघतात. या तपासणीत विमान नापसंत ठरल्यास इसार परत मिळेल, हे आधीच लेखी ठरवावे. इंदूरच्या मराठी वर्तुळात विक्रेता ओळखीतला निघाला की ‘अहो, घरचेच आहेत, कागद नंतर बघू’ असे म्हटले जाते. हा संकोच इथे महागात पडतो, आणि पुढे संबंधही त्यानेच बिघडतात.

इंदूरचे धावपट्टीशी नाते जुने आहे. होळकर संस्थानाने १९३५ मध्ये टाटा कंपनीच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने बिजासन येथे विमानतळ उभारण्याचे ठरवले; आजचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ तोच. त्याची उंची सुमारे ५६४ मीटर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की विरळ हवेमुळे विमान जणू ५,००० फुटांहून अधिक उंचीवरून उडत असल्यासारखे वागते. ११० अश्वशक्तीच्या आणि कमाल ७५७ किलो वजनाच्या सेस्ना १५२ मध्ये दोन धडधाकट माणसे आणि भरलेली टाकी अशा दुपारी जड जाते. इंदुरात ठेवायच्या विमानासाठी १५० ते १८० अश्वशक्तीचे इंजिन शोधावे ते यासाठीच. इंधनही आधी विचारून घ्यावे. या इंजिनांना निळसर रंगाचे एव्हीगॅस १०० एलएल लागते, जेट विमानांचे इंधन चालत नाही. भारत ते पूर्वी आयात करत असे. २०२२ पासून इंडियन ऑइलच्या वडोदरा येथील रिफायनरीत ते तयार होते. शिवाय प्रवासी विमानतळावर विमान उभे करायला जागा मिळेल असे गृहीत धरू नये; तिची लेखी सोय सौद्याआधी व्हावी.

मालकी केवळ पैसे दिल्याने बदलत नाही. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) नव्या मालकाच्या नावे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. विमानावर कर्जाचा बोजा आहे का, हे त्या नोंदणीत पाहावे. विक्रेता कंपनी असेल तर तिच्या बोज्यांची नोंदही काढावी. विमानांवरील कर्ज व हक्कांविषयीच्या केप टाउन या आंतरराष्ट्रीय कराराची नोंदवही येथे उपयोगी पडत नाही, कारण तो करार किमान आठ माणसे किंवा २,७५० किलोहून अधिक भार नेणाऱ्या विमानांना लागू होतो. खासगी वापरासाठी नोंदलेल्या विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, तेव्हा ‘मधूनमधून भाड्याने देऊ, हप्ता निघेल’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

ताबा घेताना उड्डाणयोग्यता पुनरावलोकन प्रमाणपत्राची मुदत पाहावी. ती संपली असेल, तर विमान इंदूरला उडवत आणण्यासाठी डीजीसीएकडून विशेष उड्डाण परवाना काढावा लागतो. तो मिळण्याजोगी स्थिती नसेल, तर पंख उतरवून विमान ट्रेलरवरून आणावे लागते आणि पुन्हा जोडणी झाल्यावर परवानाधारक अभियंत्याची सही घ्यावी लागते. हा खर्च कोणी सोसायचा, ते करारात लिहिलेले असावे.