जुना टायर घरी चढवताय? आधी हे वाचा

बाइकचा वापरलेला टायर घेताना बरेच जण म्हणतात, "नुसता टायर द्या, चढवतो मी घरी." चढवा की! पण फसतं कुठे ते आम्हाला ठाऊक आहे, कारण फसलेलं चाक शेवटी आमच्याच दारात येतं.

टायर आमच्याकडचा नसेल तर आधी त्याचं वय बघा. बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. १४२३ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर आम्ही विकत नाही, नक्षी कितीही शाबूत असो. रबर वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, पंक्चर काढलेला टायर तर फुकट मिळाला तरी नको.

चाक काढल्यावर डिस्क ब्रेक दाबू नका. दोन ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा. चाक डिस्कवर आडवं टाकू नका, खाली जुना टायर घ्या. आणि टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, हे चढवायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता खरी मेख. रिम मधोमध खोलगट असते. टायरची कड एका बाजूला त्या खोलगटात उतरली, की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. लिव्हरवर (टायर चढवायच्या पट्टीवर) अंगाचा भार टाकावा लागत असेल, तर ताकद कमी पडत नाहीये. समोरची कड वर सरकली आहे. थांबा, तिथे गुडघा टेकवून ती खाली दाबा, कडेला साबणाचं पाणी लावा आणि लिव्हरने दोन-दोन इंचच उचला. अलॉय रिमला ओरखडे नकोत म्हणून ऑइलच्या रिकाम्या डब्याचा तुकडा लिव्हरखाली धरा. ग्रीस किंवा ऑइल मात्र लावू नका; टायर रिमवर सरकतो आणि ट्यूब असेल तर व्हॉल्व्ह उपटून येतो. ट्यूबमध्ये आकार येईल इतपतच हवा भरून घ्या, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. शेवटची कड व्हॉल्व्हपाशी चढवा.

ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरा. "टप्प" असा आवाज दोनदा यायला हवा. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर बसला. ४० पीएसआयपर्यंत बसला नाही तर पंप बंद करा, हवा सोडा, पुन्हा साबण लावा. जोर करून बसवायच्या नादात बोटं गमवायची नाहीत.

बॅलन्सिंगला, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला, मशीनच लागतं असं नाही. दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर एक्सल टेकवून चाक मोकळं फिरू द्या. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेट काढून ठेवा. चाक हलकेच फिरवा. थांबल्यावर जो भाग खाली येतो तो जड. तिथे खडूने खूण करा. दोन-तीनदा तीच खूण खाली आली तर बरोबर समोर, वरच्या बाजूला, वजन हवं. अंदाजासाठी टेपने दोन रुपयांचं नाणं लावून बघा, साधारण ५ ग्रॅम भरतं. कुठेही सोडलं तरी चाक तिथेच राहिलं, की नाण्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या, रिमला चिकटवायच्या बॅलन्सिंगच्या पट्ट्या लावा. त्याआधी रिम थिनरने पुसा. नाहीतर पहिल्याच पावसात पट्टी गळते. ६० ग्रॅमवर गेलात तर वजनं वाढवत बसू नका. हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा बघा. नव्या टायरवर हलक्या जागेचा रंगीत ठिपका असतो, तो व्हॉल्व्हपाशी आणतात; जुन्यावर तो बहुतेक पुसलेला असतो, म्हणून हा खटाटोप.

चाक गाडीला लावल्यावर चेनची ढील आणि एक्सलचा नट तपासा, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती दुमडायची पिन) नवीन घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना हवा पुन्हा बघा.

जमलं नाही तर नुसतं चाक घेऊन या, गाडी ढकलत आणायची गरज नाही. आमच्याकडून नेलेल्या टायरचं बॅलन्सिंग आम्ही मोफत करतो. सोमवारी दुकान बंद.