अनभिज्ञ की अज्ञानी?

'नव्या नियमाबाबत कर्मचारी अज्ञानी आहेत' असं वाक्य परिपत्रकात गेलं तर कर्मचारी चिडणारच. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'अनभिज्ञ'.

अनभिज्ञ हा शब्द एका ठरावीक गोष्टीपुरता असतो. ती गोष्ट ठाऊक नाही, एवढंच तो सांगतो. बाकी माणूस भले पंडित असो. म्हणून त्याला विषय लागतो: निकालाबाबत अनभिज्ञ, परिणामांविषयी अनभिज्ञ, त्या व्यवहारापासून अनभिज्ञ. नुसतं 'ती अनभिज्ञ आहे' म्हटलं की 'कशाबद्दल?' हा प्रश्न आलाच. 'शी' मात्र लावू नये. 'परिचित'च्या वळणावर जाऊन काहीजण 'नियमांशी अनभिज्ञ' लिहितात, ते कानाला खटकतं.

अज्ञानी हा माणसावरच मारलेला शेरा. त्याला विषयाची गरज नसते आणि त्यात कमीपणा दाखवण्याचा सूर असतो. विरुद्धार्थी शब्द लावून पाहा: अज्ञानी × ज्ञानी. रजेचा नियम माहीत असलेल्याला कुणी 'ज्ञानी' म्हणत नाही, म्हटलंच तर टोमणा म्हणून. तेव्हा नियम माहीत नसलेला अज्ञानी कसा? अनभिज्ञच्या उलट कोशात 'अभिज्ञ' आहे. रोजच्या लिहिण्यात 'माहीतगार' किंवा 'जाणकार' चालतं.

गंमत अशी की 'अज्ञान' या नामात हा डंख बराच कमी. 'कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही' या वाक्यात कुणाचा अपमान नाही. कायदेशीर कागदपत्रांत तर 'अज्ञान' म्हणजे 18 वर्षांखालील व्यक्ती, आणि त्याउलट 'सज्ञान'. तिथे बुद्धीचा संबंधच नाही, फक्त वयाचा.

अजाण हा बहुधा लहान मुलांसाठी, माया ठेवून वापरायचा. अज्ञात वेगळाच: जो इतरांना माहीत नाही तो. 'अज्ञात इसम' स्वतः सगळं जाणून असू शकतो.

अनभिज्ञमध्ये नकार आधीच आहे, हे लिहिताना विसरलं जातं. 'प्रशासन याबाबत अनभिज्ञ नव्हते असे म्हणता येणार नाही' या वाक्यात तीन नकार झाले. प्रशासनाला माहीत होतं की नव्हतं, हे बोटं मोजून ठरवावं लागतं. सरळ 'प्रशासनाला माहीत नसावे' लिहावं.

राहिलं शुद्धलेखन. अन् + अभिज्ञ अशी फोड असल्यामुळे 'भि' ऱ्हस्व. उच्चार 'द्न्य' असला तरी 'अनभिद्न्य' चूक. टंकताना ज, हलन्त, ञ या क्रमाने 'ज्ञ' उमटतो.