घर, डोळा, पराणी, फुली

हिब्रू अक्षरांची ‘गुपितं’ उलगडणाऱ्या चित्रफिती हल्ली बऱ्याच फिरतात. आलेफ म्हणजे बैल, अर्थात बळ. बेथ म्हणजे घर. दोन्ही जोडली की ‘आव’, म्हणजे बाप; म्हणून बाप हे घराचं बळ! बायबलमधला प्रत्येक शब्द असाच चित्रं फोडून वाचायचा म्हणे. ऐकायला गोड आहे, पण ही लिपी ज्या युक्तीतून जन्मली, तिच्या हे नेमकं उलट आहे.

मला तर ती युक्ती माणसाच्या बुद्धीची कमाल वाटते. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी इजिप्त-सिनाई भागातल्या सेमिटिक भाषा (हिब्रू, अरबी याच कुळातल्या) बोलणाऱ्यांनी इजिप्तच्या चित्रलिपीतली काही चिन्हं उचलली. चित्राचं आपल्या भाषेतलं नाव घ्यायचं, त्याचा पहिला ध्वनी ठेवायचा आणि बाकी सगळं, अर्थासकट, सोडून द्यायचं. शेकडो चिन्हांचं काम दोन-तीन डझनांत भागलं. आपल्या अंकलिपीत ‘ग गणपतीचा’ असतो, म्हणून ‘गवत’ वाचताना कुणी त्यात गणपती शोधत नाही.

याचा पुरावा सिनाईतल्या सराबित अल-खादिमचा. पिरोजाच्या खाणींच्या या जागी १९०५ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना स्फिंक्सची एक छोटी मूर्ती मिळाली. तिच्यावर इजिप्शियन लिपीत हाथोर देवीचा उल्लेख होता आणि सोबत काही अनोळखी चिन्हं. त्यातली चार ओळीने येत होती: घर, डोळा, पराणी (बैल हाकायची टोकदार काठी), फुली. अर्थ जोडत बसलं तर हाती काही लागत नाही. १९१६ साली इजिप्तविद्येचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी त्यांची सेमिटिक नावं घेतली: बेथ, आयिन, लामेद, ताव. पहिले ध्वनी ब-अ-ल-त (यातला ‘अ’ खरं तर घशातून येणारं व्यंजन, स्वर लिहीतच नसत). शब्द झाला ‘बालत’, म्हणजे स्वामिनी. सेमिटिक लोक हाथोरला याच नावाने पुजत!

आणि ‘बाप’? अक्कादी या मेसोपोटेमियातल्या प्राचीन सेमिटिक भाषेत बापाला ‘अबू’ म्हणत आणि तो शब्द कीलाक्षरांत, म्हणजे मातीवर उमटवलेल्या खिळ्यांसारख्या खुणांत, लिहीत. म्हणजे ही अक्षरं नव्हती तेव्हाही शब्द होताच.

बायबल लिहिलं गेलं तोवर चित्रांच्या नुसत्या रेघा उरल्या होत्या. आजची चौकोनी अक्षरं तर अरामी लिपीतून, बाबेलच्या बंदिवासानंतर, म्हणजे यहुद्यांना बाबेलला (बॅबिलोनला) नेलं गेलं त्यानंतर, आली. उत्पत्तीचं पुस्तक ‘बेथ’ने सुरू होतं आणि हे अक्षर फक्त पुढच्या बाजूला उघडं असतं, म्हणून वर, खाली, मागे काय आहे ते विचारू नका, असा सुरेख अर्थ रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, लावला. तो या चौकोनी आकारावर बेतलेला आहे, मूळच्या घराच्या चित्रावर नाही.

आकाराला खरोखर महत्त्व येतं ते बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात. यरुशलेमेतल्या अमंगळ कृत्यांमुळे उसासे टाकणाऱ्यांच्या कपाळावर खूण करायची आहे, आणि खुणेसाठी हिब्रूत शब्द आहे ‘ताव’. त्या काळच्या लिपीत ताव म्हणजे चक्क फुली. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन यांना याच खुणेत क्रूस दिसला. त्यांनी ग्रीक ‘ताऊ’ आणि लॅटिन ‘टी’ यांच्या आकारावर बोट ठेवलं. दोन्ही अक्षरं त्या जुन्या फुलीचीच वंशज. आजच्या चौकोनी हिब्रू तावमध्ये मात्र तो आकार उरलेला नाही.