कार्ताझ

हिंदी महासागरातील आशियाई जहाजांना पोर्तुगीजांनी सक्तीने घ्यायला लावलेला सागरी परवाना. कार्ताझ नसलेले किंवा त्यातील अटी मोडणारे जहाज मालासकट जप्त केले जाई.

पद्धतीचा उगम विवाद्य आहे. पहिले परवाने बहुधा १५०२ मध्ये, वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीत, मलबार किनाऱ्यावर दिले गेले. त्या वेळी ते मित्रराज्यांच्या जहाजांना मिळालेले अभयपत्र एवढेच असावेत. पुढे त्यांचे सार्वत्रिक सक्तीत रूपांतर झाले. काही अभ्यासक तिचे मूळ भूमध्य समुद्रातील अभयपत्रांत शोधतात. तर काही १४५५ च्या पोपच्या आज्ञापत्राकडे बोट दाखवतात, ज्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नौकानयनाची मक्तेदारी पोर्तुगालला दिली होती. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण अभयपत्र युद्धकाळापुरते असते, कार्ताझमागे मात्र समुद्राच्याच मालकीचा दावा होता. समुद्र सर्वांचा हा नियम ख्रिस्ती युरोपीयांपुरताच आहे, असे समर्थन बखरकार जुआंव द बारुश याने केले. हा दावा पुढे युरोपातही टिकला नाही. डच कायदेपंडित ग्रोशियस याने १६०९ मध्ये खुल्या समुद्राचा सिद्धान्त मांडला, तो पोर्तुगीजांविरुद्धच.

परवान्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, आकार, शस्त्रे, खलाशी आणि मुक्कामाचे बंदर नोंदलेले असे. मिरी, दालचिनी व युद्धसाहित्य नेण्यास मनाई होती. तुर्कांना जहाजावर घेता येत नसे. परवान्याचे शुल्क किरकोळ असे. खरी मिळकत जकातीची होती, कारण जाता-येता पोर्तुगीज ठाण्यात थांबणे बंधनकारक असे. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहात वसई दिली, तेव्हा तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी तेथूनच कार्ताझ घ्यावे असे ठरले.

मोगल, आदिलशाही व निजामशाही या बलाढ्य सत्तांनाही आपल्या जहाजांसाठी कार्ताझ घ्यावे लागले. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायुनीच्या नोंदीनुसार, परवान्यावर मरियम व येशू यांची चित्रे असत. म्हणून समुद्रमार्गे हजला जाणे बंधनकारक नाही असा निवाडा एका धर्मशास्त्र्याने दिला. परवाना असूनही संरक्षणाची खात्री नव्हती. जहांगीरच्या आईचे ‘रहिमी’ हे जहाज कार्ताझ असतानाही पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये सुरतेजवळ पकडून गोव्यास नेले. हा निव्वळ विश्वासघात होता. जहांगीरने प्रत्युत्तरादाखल दमणला वेढा घातला.

डच व इंग्रज व्यापारी कंपन्या आल्यावर कार्ताझचा धाक ओसरला, पण परवान्याची कल्पना राहिली. या कंपन्यांनीही स्वतःचे परवाने काढले. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक (परवाने) घेण्यास लावत. इंग्रजांनी ते मानण्यास नकार दिला आणि त्यांना चाचे ठरवले.